मातीचे भांडवल : खनिजांचे विदारण आणि तंजावरची शेती

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्ण केले. ग्रॅनाइटी दगडात उभारलेल्या या मंदिराच्या भिंतींवर त्या काळी कोरलेले तमिळ लेख आजही वाचता येतात. याच मंदिरात १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख कोरण्यात आला. तोही सुस्थितीत आहे. म्हणजे एक हजार वर्षांचे ऊन, पाऊस आणि वारा सोसूनही या दगडाचा पृष्ठभाग अक्षरांच्या खोलीइतकासुद्धा झिजलेला नाही.

मंदिराच्या आवाराबाहेर पडून काही किलोमीटर गेले की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरे लागतात. या खाचरांतील माती ज्या कणांची बनलेली आहे, ते कण मंदिराच्या दगडासारख्याच खडकांतून आलेले आहेत. भाताचे पीक दरवर्षी या कणांकडून पालाश, चुना, मॅग्नेशियम, लोह आणि जस्त यांची मागणी करते. खडक आपले द्रव्य हजार वर्षांच्या हिशेबाने सोडतो. पीक ते चार महिन्यांच्या हिशेबाने मागते. या दोन कालमापनांतील तफावत हा भारतीय शेतीच्या अर्थशास्त्रातील एक मूलभूत, परंतु दुर्लक्षित प्रश्न होय. तो समजून घेण्यासाठी आधी मातीचे शास्त्र आणि मग तिचा ताळेबंद पाहावा लागतो.

विदारण : खडकाकडून मातीकडे

खडक जागच्या जागी फुटण्याच्या व कुजण्याच्या प्रक्रियेला विदारण म्हणतात. तिचे कायिक, रासायनिक आणि जैविक असे तीन प्रकार पाठ्यपुस्तकांत दिलेले असतात. कायिक विदारणात खडकाचे तुकडे होतात, पण त्यातील खनिजे तीच राहतात. रासायनिक विदारणात खनिजांचे स्वरूपच बदलते. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. हे आम्ल खनिजांच्या स्फटिकातील पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम यांचे अणू बाहेर काढते. मागे उरलेल्या सिलिका व ॲल्युमिनियमपासून चिकणमातीची नवी खनिजे बनतात. मुळांतून स्रवणारी आम्ले आणि सूक्ष्म जीव या कामाला गती देतात; ते जैविक विदारण होय.

सर्व खनिजे सारख्या वेगाने विघटित होत नाहीत. अमेरिकी शास्त्रज्ञ गोल्डिच यांनी १९३८ मध्ये खनिजांचा जो क्रम मांडला, तो आजही प्रमाण मानला जातो. ऑलिव्हिन सर्वांत आधी नष्ट होते. त्यानंतर पायरॉक्सिन, हॉर्नब्लेंड आणि कृष्ण अभ्रक यांचा क्रम लागतो. पालाशयुक्त फेल्डस्पार व पांढरे अभ्रक अधिक टिकाऊ असतात, तर क्वार्ट्झ म्हणजे आपली नेहमीची वाळू जवळजवळ अक्षय असते. ज्वालारसाच्या उच्च तापमानात जी खनिजे सर्वांत आधी स्फटिकरूप होतात, ती पृष्ठभागावरील थंड व ओलसर परिस्थितीत सर्वांत अस्थिर ठरतात, हे या क्रमामागील सूत्र आहे.

येथे एक बाब आवर्जून लक्षात ठेवावयास हवी. खडकांच्या विदारणातून पालाश, स्फुरद, चुना आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळतात. नत्र मात्र व्यवहारतः मिळत नाही. नत्राचा मूळ साठा हवेत आहे. तो जीवाणूंमार्फत, सेंद्रिय पदार्थांमार्फत किंवा कारखान्यातील युरियामार्फत मातीत येतो. खतांच्या धोरणाची चर्चा करताना हा भेद निर्णायक ठरतो.

ज्वालामुखीची राख : सर्वांत उतावीळ खनिज

विदारणाच्या वेगाचे टोकाचे उदाहरण म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मृदा. उद्रेकात ज्वालारस इतक्या झपाट्याने थंड होतो की त्याला स्फटिक बनण्यास वेळच मिळत नाही. त्याची काच बनते. या काचेतील अणूंची रचना विस्कळीत असते आणि राखेचे कण अतिशय बारीक असल्याने पाण्याच्या संपर्कात येणारे क्षेत्रफळ प्रचंड असते. परिणामी, ज्या बदलाला ग्रॅनाइटमध्ये प्रदीर्घ काळ लागतो, तो दमट हवामानातील राखेत काही शतकांत वा सहस्रकांत घडून येतो.

या काचेपासून प्रथम ॲलोफेन व इमोगोलाइट ही नीट स्फटिकरूप न झालेली खनिजे बनतात. कालांतराने त्यांचे रूपांतर हॅलोइसाइट आणि पुढे केओलिनाइट या चिकणमातीत होते. अशा मृदांना अँडिसॉल म्हणतात. हे नाव जपानी शब्दांवरून आले आहे. ‘अन’ म्हणजे गडद आणि ‘दो’ म्हणजे माती. अमेरिकी मृदा वर्गीकरणात १९९० मध्ये या मृदांना स्वतंत्र गणाचे स्थान मिळाले. जगाच्या भूपृष्ठाचा जेमतेम एक टक्का भाग त्यांनी व्यापला आहे. पण या एक टक्क्यात जावा बेटासारखे अत्यंत दाट वस्तीचे प्रदेश येतात. डच शास्त्रज्ञ मोर यांनी १९३०च्या दशकात तत्कालीन डच ईस्ट इंडीजमधील लोकसंख्येची घनता आणि ज्वालामुखीजन्य मृदांचे तारुण्य यांचा संबंध दाखवून दिला होता. जेथे ताजी राख, तेथे सुपीक जमीन आणि तेथेच माणसांची दाटी, असे ते समीकरण होते.

तथापि या मृदा निर्दोष नाहीत. त्या वजनाला हलक्या असतात, पाणी व सेंद्रिय कर्ब भरपूर धरून ठेवतात. पण त्यांतील ॲलोफेन आणि ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरदाला घट्ट पकडून ठेवतात. शेतकऱ्याने टाकलेले स्फुरदयुक्त खत मातीत असते, पण पिकाला मिळत नाही. मातीतील एकूण साठा आणि पिकाला उपलब्ध साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या मृदा देतात. तंजावरच्या संदर्भात तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

भारतातील राख आणि दख्खनचा काळा दगड

भारतात आजचा जागृत ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातील बॅरन बेटाचा. मात्र सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची राख भारतीय द्वीपकल्पावरही पडली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे तिचे थर सापडले आहेत. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे आणि कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव येथेही टोबाची राख मिळाली आहे. बोरीची राख टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकातील, याबद्दल अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद राहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटावी. इतका काळ लोटूनही या राखेतील काच ओळखू येते. ती नदीच्या गाळाखाली गाडली गेली आणि तो प्रदेश कमी पावसाचा आहे. म्हणजे खनिज कितीही उतावीळ असले, तरी पाणी, उष्णता आणि जीवसृष्टी यांची साथ नसेल तर त्याचे भांडवल गोठूनच राहते.

महाराष्ट्राची खरी ज्वालामुखीजन्य माती राखेची नव्हे, लाव्हाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट बनला. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. पायरॉक्सिन, चुनायुक्त फेल्डस्पार आणि काही प्रमाणात ज्वालामुखी काच हे त्याचे घटक गोल्डिचच्या क्रमात वरच्या बाजूचे, म्हणजे लवकर विघटित होणारे आहेत. कमी पावसाच्या पठारावर त्यांपासून स्मेक्टाइट ही फुगणारी चिकणमाती बनली आणि रेगूर मृदा तयार झाली. सह्याद्रीच्या माथ्यावरील मुसळधार पावसात मात्र चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची जांभी मृदा उरली. खडक एकच, पण पावसाच्या फरकाने दोन टोकांच्या मृदा निर्माण झाल्या. महाबळेश्वरची जांभी माती आणि विदर्भाची काळी माती ही एकाच आईची दोन लेकरे आहेत.

या नियमालाही अपवाद आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की, बेसॉल्टच्या पोकळ्यांत आढळणारी झिओलाइट खनिजे पश्चिम घाटातील काही मृदांना सतत चुना पुरवीत राहतात. त्यामुळे भरपूर पाऊस असूनही तेथील माती पूर्णपणे निःसत्त्व झालेली नाही. मातीच्या पोटात हळूहळू विरघळणारी ठेव असेल, तर ती जमीन अधिक काळ तग धरते.

निलगिरीपासून तंजावरपर्यंत

कावेरीचे खोरे सुमारे ८१ हजार चौरस किलोमीटरचे आहे. ते दख्खनच्या बेसॉल्टच्या दक्षिणेला, नाइस, चार्नोकाइट आणि शिस्ट अशा अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशात वसलेले आहे. या खोऱ्याच्या एका टोकाला, निलगिरीच्या दोन हजार मीटरहून उंच माथ्यावर, एक विलक्षण गोष्ट आढळते. तेथे ज्वालामुखी नाही, राख नाही; तरीही तेथील काही मृदांत अँडिसॉलचे गुणधर्म दिसतात. थंड, दमट हवामानात सेंद्रिय पदार्थ आणि ॲल्युमिनियम व लोह यांची संयुगे साचून त्या बनल्या आहेत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांचे सविस्तर वर्णन आले. या डोंगरांचे पाणी भवानी नदीतून कावेरीला मिळते. मातीचे स्वरूप केवळ मूळ खडकावर ठरत नाही. हवामान, वनस्पती, भूरचना आणि काळ हेही तितकेच निर्णायक असतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तंजावरचा प्रदेश म्हणजे या सर्व खोऱ्याची जमाखर्चाची शेवटची ओळ. वरच्या भागात अर्धवट विघटित झालेले फेल्डस्पार, अभ्रक आणि हॉर्नब्लेंड यांचे कण व बारीक चिकणमाती नदी पुराबरोबर खाली आणीत असे आणि त्रिभुज प्रदेशात पसरवीत असे. या मातीचे ठळकपणे दोन विभाग पडतात. पहिला कावेरी आणि वेण्णार यांचा जुना त्रिभुज प्रदेश. येथे नदीकाठी पडुगै नावाची हलकी पोयट्याची माती, तर आतील भागात कलत्तूर श्रेणीसारखी भारी, काळसर, भेगाळणारी चिकणमाती आढळते. महाराष्ट्रातील काळ्या मातीशी तिचे साम्य पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. परंतु तिचे कुळ बेसॉल्टचे नाही. दुसरा विभाग पट्टुकोट्टै परिसरातील नव्या त्रिभुज प्रदेशाचा. १९३४ मध्ये ग्रँड ॲनिकट कालव्याने तेथे पाणी पोहोचले. तेथील माती तांबडी, रेताड आणि बऱ्याच अंशी जांभ्या वळणाची आहे. तिच्यातील सहज विघटित होणारी खनिजे पूर्वीच संपलेली आहेत आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची क्षमताही कमी आहे.

एकाच जिल्ह्यातील, एकाच धरणाचे पाणी पिणाऱ्या या दोन शेतांना खतांचा एकच हप्ता लागू करणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने अपव्ययाचे ठरते. भारी मातीत टाकलेले पालाश चिकणमातीच्या ऋणभारित पापुद्र्यांत धरले जाते आणि पिकाला हप्त्याहप्त्याने मिळते. रेताड मातीत तेच पालाश पाण्याबरोबर निघून जाते. पहिल्या शेतकऱ्याचा पैसा बँकेत राहतो, तर दुसऱ्याचा खिसा फाटका असतो.

गाळ : कालची अडचण, आजची उणीव

व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले, तेव्हा या राज्याचे वैभव कावेरीच्या पाण्यावर आणि गाळावर उभे होते. चोळ काळातील कल्लणै बंधारा त्या आधीच्या कित्येक शतकांपासून पाणी वळवीत होता. पण गाळ हे दुधारी शस्त्र होते. कावेरीचे पात्र गाळाने उंचावत गेले की पाणी शेजारच्या कोळ्ळिडमकडे वाहून जाई. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांनी या प्रश्नावर काम केले आणि १८३६ मध्ये कोळ्ळिडमवर वरचा बंधारा बांधून कावेरीचा प्रवाह राखला. त्या काळच्या अभियंत्यापुढचा प्रश्न होता, गाळाचे करायचे काय?

विसाव्या शतकात हा प्रश्न उलटा झाला. कर्नाटकात कृष्णराजसागर धरण १९३२ मध्ये आणि तमिळनाडूत ९३.४७ अब्ज घनफूट क्षमतेचे मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. पुढे हेमावती, काबिनी, हारंगी आणि भवानीसागर यांची भर पडली. या धरणांनी सिंचनाची शाश्वती दिली आणि पूर आवरला. त्याचबरोबर ताज्या खनिजांनी भरलेला गाळही त्यांनी अडवला. पाण्याच्या वाटपाबाबत २००७ मध्ये लवादाचा अंतिम निवाडा झाला आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तमिळनाडूसाठी दरवर्षी सोडावयाचे पाणी १७७.२५ अब्ज घनफूट ठरवले. या पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब झाला. पाण्याबरोबर येणाऱ्या गाळाचा हिशेब मात्र वाटपाच्या कोष्टकात कोठेही नाही.

पिकाचा ताळेबंद

आता प्रत्यक्ष जमाखर्च पाहू. एक टन भात पिकवताना पीक मातीतून ढोबळमानाने १५ किलो नत्र आणि जवळजवळ तेवढेच पोटॅशियम उचलते. यांतील पोटॅशियमचा सुमारे चार पंचमांश भाग दाण्यात नव्हे, तर पेंढ्यात असतो. उदाहरणादाखल हेक्टरी ५ टन उत्पादन धरल्यास पीक ७५ किलो पोटॅशियम उचलते. त्यातील सुमारे १५ किलो धान्याबरोबर बाजारात जाते आणि ६० किलो पेंढ्यात राहते.

खनिजांच्या विदारणातून मिळणारे पोटॅशियम मातीनुसार फार बदलते. ते वर्षाला हेक्टरी काही किलोंपासून काही दहा किलोंपर्यंत असू शकते. समजा, एखाद्या शेतात ते १५ किलो आहे. पेंढा शेतात परत गेला, तर एका पिकापुरता हिशेब जवळपास जुळतो. पेंढा विकला किंवा जाळून धूर केला, तर चित्र बदलते. जाळल्यास पोटॅशियमचा बराचसा भाग राखेत उरतो, पण सेंद्रिय कर्ब, नत्र आणि गंधक हवेत जातात. गठ्ठे बांधून विकल्यास सगळेच गावाबाहेर जाते आणि हेक्टरी ६० किलोंची तूट पडते. ही तूट म्युरेट ऑफ पोटॅश या खताने भरून काढायची, तर ५० किलोच्या दोनांहून अधिक गोण्या लागतात. कुरुवै आणि थालडी अशी दोन पिके घेतली, तर विदारणाचा वार्षिक पुरवठा तोच राहतो, मागणी मात्र दुप्पट होते.

ही तूट लगेच दिसत नाही, हीच यातील खरी अडचण आहे. भारी चिकणमातीतील अभ्रकासारखी खनिजे आपल्या पापुद्र्यांतून पोटॅशियम सोडत राहतात आणि अनेक वर्षे उत्पादन टिकून राहते. ‘आमच्या जमिनीला पालाश लागत नाही’ हा समज त्यातूनच दृढ होतो. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीबाबतही तो वर्षानुवर्षे रूढ होता. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर उत्पन्नाच्या खात्यावर नफा दिसत असताना भांडवलाच्या खात्यातून घसारा वजा केला जात नाही. गावाचे, जिल्ह्याचे आणि देशाचे कृषी उत्पन्न मोजताना मातीचा घसारा शून्य धरला जातो. एखाद्या कारखान्याने यंत्रांचा घसारा न धरता नफा जाहीर केला, तर लेखापरीक्षक आक्षेप घेईल. शेतीच्या बाबतीत असा आक्षेप घेणारा कोणी नाही.

पाणी साचलेल्या खाचरात आणखी एक गुंतागुंत असते. प्राणवायूच्या अभावी मातीतील लोहाचे रूप बदलते, त्याला चिकटलेले स्फुरद मोकळे होते आणि भाताला ते मिळते. त्याच परिस्थितीत जस्ताची उपलब्धता मात्र घटते. मातीत जस्त असते, पण पिकाला मिळत नाही. अँडिसॉलमधील स्फुरदाची कथा येथे जस्ताच्या रूपाने पुन्हा समोर येते.

किंमत चुकते तेव्हा

भारताला लागणारे पालाशयुक्त खत जवळजवळ पूर्णपणे आयात करावे लागते. स्फुरदासाठी लागणारा कच्चा मालही मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदान योजना लागू झाली. स्फुरद व पालाश यांच्या खतांवर अन्नद्रव्याच्या प्रमाणात ठरावीक अनुदान आणि बाजाराशी जोडलेली किंमत, असे तिचे स्वरूप होते. युरियाला मात्र या योजनेबाहेर ठेवण्यात आले. परिणाम लवकरच दिसला. देशातील नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण २००९-१० मध्ये ४.३ : २ : १ होते, ते २०१२-१३ मध्ये ८.२ : ३.२ : १ झाले. २०१८ मध्ये युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत करांखेरीज २४२ रुपये ठरली. २०२२-२३ मध्ये जागतिक भाववाढीमुळे खतांवरील एकूण अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले.

शेतकऱ्याने स्वस्त खत अधिक वापरले आणि महाग खत कमी केले, यात त्याची चूक म्हणता येत नाही. किमतीने दिलेल्या संकेताला त्याने दिलेला तो विवेकी प्रतिसाद होता. नत्रामुळे पीक जोमाने वाढते आणि वाढलेले पीक मातीतील पालाश, स्फुरद व जस्त अधिक वेगाने उचलते. स्वस्त युरिया म्हणजे खनिजांच्या साठ्यावर काढलेली अग्रिम रक्कम होय. नत्र मातीच्या भांडवलातून येत नाही, हा आरंभी सांगितलेला भेद येथे अर्थपूर्ण ठरतो. धोरणाने ज्या अन्नद्रव्याला सर्वांत जास्त सवलत दिली, ते खडकात नाहीच. आणि जे खडकातून संथपणे मिळते, त्याची भरपाई शेतकऱ्याला महाग पडली.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका योजना हे या दिशेने टाकलेले महत्त्वाचे पाऊल होते. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, चार मुख्य व दुय्यम अन्नद्रव्ये आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये असे १२ घटक तिच्यात तपासले जातात. तथापि तिची मर्यादाही ओळखावी लागते. पत्रिकेत पिकाला लगेच उपलब्ध असलेला पालाश दिसतो. खनिजांच्या पापुद्र्यांत अडकलेला राखीव साठा दिसत नाही. बँकेच्या भाषेत, ती चालू खात्यातील शिल्लक सांगते, मुदत ठेव सांगत नाही. कलत्तूरची चिकणमाती आणि पट्टुकोट्टैची रेताड माती यांची चालू शिल्लक एखाद्या वर्षी सारखी असू शकते. पण त्यांच्या ठेवी सारख्या नसतात.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

पहिला पर्याय अडलेला गाळ शेतात नेण्याचा. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. त्याच वर्षी तमिळनाडूत मेट्टूरच्या जलाशयातील गाळ शेतकऱ्यांना नेऊ देण्याचे काम सुरू झाले. धरणाची क्षमता वाढते आणि शेताला नवी खनिजे मिळतात, असा दुहेरी लाभ यात आहे. परंतु मेट्टूरपासून तंजावर रस्त्याने दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. गाळ फुकट मिळाला, तरी वाहतूक फुकट होत नाही. नदी जे काम विनामूल्य करीत होती, ते ट्रकने करायचे तर लाभ जलाशयाजवळच्या शेतकऱ्यालाच मिळतो. त्रिभुज प्रदेशासाठी गावतळी आणि कालवे यांचा स्थानिक गाळच किफायतशीर ठरेल.

दुसरा पर्याय पेंढा शेतात राखण्याचा. वर मांडलेल्या हिशेबात तो सर्वांत स्वस्त आहे. मात्र कुरुवैची कापणी आणि थालडीची लावणी यांत दिवस थोडे असतात, जनावरांना वैरण लागते आणि पेंढ्याला रोख किंमत मिळते. शेतकरी पेंढ्याची किंमत मोजताना त्यातील ६० किलो पोटॅशियमची किंमत धरतो का, हा कळीचा प्रश्न आहे. कृषी विस्तार यंत्रणेने हा साधा हिशेब गावागावांत मांडला, तरी निर्णय बदलू शकतात.

तिसरा पर्याय अगदी अलीकडचा असून तो पुन्हा ज्वालामुखीच्या खडकाकडे नेतो. बेसॉल्टची भुकटी शेतात पसरली, तर तिच्या विदारणातून चुना, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळतात आणि त्याच प्रक्रियेत हवेतील कार्बन डायऑक्साइड विद्राव्य रूपात बांधला जातो. जगाच्या भूपृष्ठाचा सुमारे ५ टक्के भाग व्यापणारा बेसॉल्ट सिलिकेट खडकांच्या विदारणातून होणाऱ्या कार्बन शोषणात मात्र जवळपास ३० टक्के वाटा उचलतो, असा अंदाज २००० नंतरच्या संशोधनात मांडला गेला. भारतातील लहान भात उत्पादकांच्या शेतांत अशी भुकटी पसरविणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातील खडीकेंद्रांच्या आसपास पडून राहणारी दगडाची भुकटी या दृष्टीने संपत्ती ठरू शकते. पण येथेही सावधगिरी हवी. बेसॉल्टमध्ये पालाश कमी असतो. दळण्याचा आणि वाहतुकीचा खर्च मोठा असतो. कार्बनच्या बाजारातील पैसा शेतकऱ्यापर्यंत किती पोहोचतो, हेही पाहावे लागेल. पालाशाची तूट बेसॉल्टने भरून निघेल, असे कोणी सांगत असल्यास ते गोल्डिचच्या क्रमाशी आणि खडकाच्या घडणीशी विसंगत आहे.

या सर्वांच्या जोडीला जमीन शेतीखाली टिकवण्याचा प्रश्न आहे. तमिळनाडू विधानसभेने २०२० मध्ये संरक्षित कृषी क्षेत्र विकास कायदा संमत करून त्रिभुज प्रदेशात नव्या हायड्रोकार्बन उत्खननासारख्या उद्योगांना प्रतिबंध केला. हा कायदा जमिनीचे क्षेत्र वाचवतो. तिची सुपीकता वाचवण्याची जबाबदारी मात्र त्यापुढे सुरू होते.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या दृष्टीने विदारणाचे प्रकार, मृदांचे वर्ग आणि योजनांची वर्षे पाठ असणे आवश्यकच आहे. परंतु भूगोलाच्या पुस्तकातील विदारण आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकातील अनुदान हे दोन स्वतंत्र धडे नाहीत. ज्वालामुखीची राख काही शतकांत अन्नद्रव्ये सोडते, बेसॉल्ट त्याहून सावकाश आणि नाइस त्याहूनही सावकाश. धोरण पाच वर्षांचे असते, कर्ज हंगामाचे असते आणि पीक चार महिन्यांचे असते. यांपैकी सर्वांत संथ घड्याळ मातीचे आहे आणि तेच कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

उद्या यांपैकी अनेकजण प्रशासनात जातील. एखाद्या जिल्ह्याच्या आढावा बैठकीत भाताच्या उत्पादनाचा आकडा वाढलेला दिसेल, तेव्हा तो आकडा उत्पन्नाचा आहे की भांडवल मोडून आलेला आहे, हा प्रश्न विचारणारा अधिकारी त्या जिल्ह्याला हवा असेल. तंजावरच्या मंदिराच्या दगडावरील अक्षरे हजार वर्षे टिकली, कारण त्या दगडाने आपले द्रव्य जपून ठेवले. त्याच कुळातील माती मात्र दर हंगामाला देत आली आहे. तिच्याकडून किती घेतले आणि तिला किती परत केले, याची नोंद ठेवणे हे नियोजनाचे काम आहे.